ओटावातल्या इनुइट कुटुंबांचं लसीकरण: सुईच्या आधीचं काम

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मागून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही महाराष्ट्रात नर्सिंग करून आता ओटावातल्या एका कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये काम करता. व्हॅनिए भागात इनुइट, म्हणजे कॅनडाच्या आर्क्टिक उत्तरेतल्या मूळ रहिवाशांची, कुटुंबं आहेत म्हणून सेंटरने महिन्यातून एक दिवस त्यांच्या मुलांसाठी लसीकरण ठेवलं. इंग्रजीत पोस्टरं लावली, बाहेरच्या खोलीत ड्रीमकॅचर (पिसं लावलेली जाळीची कडी) टांगला, सेज ही सुगंधी वनस्पती धुरासाठी जाळायची सोय केली. तीन महिन्यांत आली पाच मुलं. आता तुम्ही विचारताय की हे लोक लशींच्या विरोधात आहेत का, आणि त्यांच्या संस्कृतीचा मान राखून त्यांचं मन कसं वळवायचं.

मन वळवायची वेळ फार थोड्या घरांत येते. जी मुलं तुमच्याकडे येत नाहीत, त्यांतल्या बऱ्याच जणांना उत्तरेत असताना जन्मापासून लशी मिळालेल्या असतात. आईला सुईचं काही वाटत नाही, तिला काउंटर नको असतं. हेल्थ कार्ड ऑन्टारिओचं, म्हणजे इथल्या प्रांताचं, का नाही, पत्ता पुन्हा बदलला का, मूल तुमचं कोण, आधीच्या नोंदी कुठे आहेत, एवढा उशीर का झाला. ही चौकशी दर वेळी नव्या माणसाकडून, काचेच्या पलीकडून होते. तेव्हा तुमचं खरं काम तीन ठिकाणी आहे: नोंदींचे कागद, क्लिनिक कोणाच्या घरात भरतं, आणि विचारायची पद्धत. टोचणं त्यानंतर.

ड्रीमकॅचर आणि सेज मात्र आजच काढा. कॅनडाच्या १९८२ च्या राज्यघटनेत आदिवासी समाज तीन मानले आहेत: फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटी. ड्रीमकॅचर ओजिब्वे लोकांचा आणि सेजचा धूर फर्स्ट नेशन्सचा. ही दोन्ही इनुइटांची नव्हेत. त्यांना तो थाट दाखवणं म्हणजे मराठी पाहुण्यांच्या स्वागताला भांगडा लावण्यासारखं आहे. कोणी रागावत नाही, पण तुम्हाला आपली ओळख नाही हे दारातच कळतं. एक माणूस असेल तर इनुक, दोघं असतील तर इनूक, आणि तीन किंवा जास्त असतील तर इनुइट. शब्द मुळातच अनेकवचनी आहे, त्याला इंग्रजी 'स' जोडू नका.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. २०२१ च्या जनगणनेत कॅनडात सुमारे ७०,५०० इनुइट होते. त्यातले जवळपास ३१ टक्के त्यांच्या मूळ प्रदेशाबाहेर राहत होते, आणि अशा शहरी वस्त्यांत ओटावा-गॅटिनो सर्वांत मोठी. जनगणनेत आकडा सतराशेच्या आसपास आहे, इनुइट संस्थांच्या मते खरी संख्या बरीच जास्त. ओटावातली बरीच कुटुंबं उत्तरेतल्या नुनावुट प्रदेशाच्या बॅफिन भागातली असतात, कारण तिथल्या रुग्णांना मोठ्या उपचारांसाठी इकडेच पाठवतात. कोणी इथेच जन्मलेलं असतं. कोणी महिनाभरासाठी आजारी मुलाबरोबर आलेलं असतं आणि लार्गा बॅफिन या रुग्णांच्या निवासात उतरलेलं असतं. कोणी लॅब्राडोरचं, कोणी क्वेबेकच्या नुनाविकचं. नदीपलीकडे गॅटिनोत राहणाऱ्यांचं कार्ड, नोंदवही आणि शाळेचे नियम सगळे क्वेबेकचे. त्यामुळे 'इनुइट कुटुंब' असा एकच साचा धरून चालणार नाही. प्रत्येक घराला पहिला प्रश्न हाच: मूल कुठे जन्मलं, आणि कोणकोणत्या गावांत राहिलं?

इतिहासातल्या दोन गोष्टी माहीत हव्यात, कारण त्या थेट तुमच्या काउंटरवर येतात. १९५० पासून सी. डी. हाउ नावाचं सरकारी जहाज उन्हाळ्यात पूर्व आर्क्टिकच्या वस्त्यांवर जायचं. जहाजावर छातीचे एक्स-रे काढत. क्षय दिसला की माणसाला बहुतेकदा किनाऱ्यावर परत उतरूच देत नसत, तसंच दक्षिणेच्या सॅनेटोरियममध्ये नेत. १९५० च्या दशकाच्या मध्यावर दर सात इनुइटांमागे एक जण असा दक्षिणेत उपचार घेत होता. लहान मुलं वर्षानुवर्षं आईबापांपासून दूर राहिली. काही माणसं तिथेच वारली आणि कुठे पुरली हे घरच्यांना कळलंही नाही. मार्च २०१९ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांनी नुनावुटच्या राजधानीत, इकालुइटला, जाऊन याबद्दल माफी मागितली. म्हणजे क्लिनिकला नातवाला घेऊन आलेल्या आजीच्या लेखी 'तपासणीला चला' या वाक्याचा अर्थ वेगळा असू शकतो.

दुसरी गोष्ट क्रमांकाची. १९४१ पासून सत्तरच्या दशकापर्यंत सरकार इनुइटांना गळ्यात किंवा मनगटात बांधायची बिल्ला-चकती द्यायचं. पूर्वेकडच्यांना ई, पश्चिमेकडच्यांना डब्ल्यू, आणि पुढे आकडे. सरकारी कागदावर माणूस म्हणजे तो क्रमांक. आडनावं बहुतेकांना १९६८ ते १९७१ च्या मोहिमेत मिळाली. तेव्हा आल्या आल्या 'नंबर सांगा' हे तुमचं पहिलं वाक्य नसावं. आधी नाव विचारा, उच्चार नीट करून घ्या, बसायला सांगा. कार्ड पाच मिनिटांनी मागितलं तरी संगणकाचं काही बिघडत नाही.

याला जोडून आजची भीती. २०२१ च्या जनगणनेत चौदा वर्षांपर्यंतची जी मुलं फोस्टर घरांत, म्हणजे यंत्रणेने सांभाळायला दिलेल्या घरांत, होती त्यांतली निम्म्याहून जास्त आदिवासी समाजांतली होती, आणि मुलांच्या एकूण संख्येत त्यांचा वाटा आठ टक्केही नव्हता. बाळंतपणाच्या वेळी दवाखान्याने बालकल्याण यंत्रणेला परस्पर सूचना देण्याची पद्धत ऑन्टारिओत २०२० साली बंद झाली, पण आठवण बंद झालेली नाही. 'डोस राहिले कसे?' हा तुमच्या दृष्टीने साधा प्रश्न. आईला तो 'तू मुलाची हेळसांड करतेस' असा ऐकू येतो, आणि पुढच्या वेळी ती येत नाही. मी त्याऐवजी 'आज कुठपर्यंत आलोय ते बघू' एवढंच म्हणते आणि वही उघडते.

आता नोंदी. सगळ्यात जास्त मुलं इथेच अडकतात.

ऑन्टारिओत शाळेतल्या मुलांच्या लसीकरणाचा कायदा आहे. घटसर्प, धनुर्वात, पोलिओ, गोवर, गालगुंड, रुबेला, डांग्या खोकला, मेनिंगोकॉकल आणि २०१० किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी कांजिण्या, एवढ्यांची नोंद किंवा रीतसर सूट हवी. नसेल तर आधी पत्रं येतात, मग २० शालेय दिवसांपर्यंत शाळेतून बाहेर ठेवता येतं. गंमत अशी की डोस दिल्याची बातमी डॉक्टरांच्या दवाखान्यातून आरोग्य विभागाकडे आपोआप जात नाही, ती पालकांनी कळवायची. मग नुनावुटमध्ये सगळे डोस झालेल्या मुलाच्या घरीही धमकीवजा पत्र येतं. घरच्यांना वाटतं, इथल्या लोकांना आमच्या नर्सवर विश्वास नाही. ते पत्र घेऊन कोणी आलं तर त्याला सुईच्या खोलीत पाठवण्याआधी नोंदीच्या टेबलावर बसवा. अर्ध्या वेळा काम कागदावरच संपतं.

नोंद शोधायची रीत अशी. मूल कोणकोणत्या गावात होतं ते लिहून घ्या आणि प्रत्येक गावाच्या हेल्थ सेंटरला पालकांच्या सहीने विनंती पाठवा. फॅक्स अजून चालतो, हसू नका. गावांची जुनी नावं पाठ असू द्या. केप डॉर्सेटचं किंगाइट आणि हॉल बीचचं सानिराजाक हे बदल २०२० चे, जुन्या कार्डांवर जुनीच नावं असतात. नावाने सापडलं नाही तर जन्मतारीख आणि आईचं नाव घेऊन शोधायला सांगा. इनुक्टिटुट, म्हणजे इनुइटांच्या भाषेतली, नावं रोमन लिपीत लिहिताना के, क्यू आणि आर यांची अदलाबदल सर्रास होते, आणि समाजाच्या रीतीने दत्तक गेलेल्या मुलाचं आडनाव मधेच बदललेलं असू शकतं. एकाच मुलाच्या दोन फायली निघणं नेहमीचं आहे. अर्धे डोस एकीत, अर्धे दुसरीत. दोन्ही समोर ठेवून एक तक्ता करा, तो आरोग्य विभागाला तुम्हीच पालकांच्या वतीने ऑनलाइन भरून द्या, आणि त्याची एक छापील प्रत व एक फोटो आईच्या फोनवर. फोन हरवतो, कागद घर बदलताना जातो, दोन्ही मिळून एक टिकतं.

नोंद येईपर्यंत काय करायचं? कॅनडातला नियम असा की तोंडी माहितीवर डोस धरायचा नाही, लेखी पुरावा नसेल तर मूल लस न घेतलेलं समजून वेळापत्रक सुरू करायचं. नियम बरोबर आहे. पण आठवड्याभरात कागद येणार असेल तर धनुर्वाताच्या लशीची घाई करू नका, त्या लशीचे डोस गरजेपेक्षा जास्त झाले तर दंड चांगलाच सुजतो. गोवराचं उलटं आहे. एमएमआरचा (गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा) डोस जास्तीचा झाला तरी अपाय नाही आणि उशिराची किंमत मोठी. ऑक्टोबर २०२४ पासून ऑन्टारिओत गोवराचा मोठा उद्रेक झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅनडाने गोवरमुक्त देशाचा दर्जा गमावला. नोंद सापडत नसेल, मूल वर्षाच्या वरचं असेल आणि घरच्यांची तयारी असेल, तर मी एमएमआर त्याच दिवशी देण्याच्या बाजूची आहे. तारखा तपासताना लक्षात ठेवा: पहिल्या वाढदिवसाच्या आधी दिलेला गोवराचा डोस मोजायचा नाही. उद्रेकात सहा ते अकरा महिन्यांच्या बाळांना दिलेला आगाऊ डोसही त्यात आला. अशा बाळाला पुढे आणखी दोन लागतातच, आणि हे आईला आधी सांगितलं नाही तर 'पुन्हा तेच का टोचताय' म्हणून ती बरोबरच चिडते.

दोन वेळापत्रकांतला फरकही घोळ करतो. नुनावुटमध्ये बाळाला जन्मानंतर बीसीजी ही क्षयावरची लस देतात, ऑन्टारिओत सरसकट देत नाहीत. इथल्या काही सहकाऱ्यांना दंडावरचा तो वण ओळखूच येत नाही. तुम्हाला येईल, आपल्याकडे घरोघरी आहे. हा तुमचा फायदा वापरा. पण त्याचबरोबर एक सावधगिरी: तान्हेपणी दिलेल्या बीसीजीमुळे दहा वर्षांच्या पुढच्या मुलाची क्षयाची त्वचाचाचणी पॉझिटिव्ह आली असं गृहीत धरू नका, तिची रीतसर तपासणी व्हायला हवी. चाचणी आणि एमएमआरसारखी जिवंत लस एकाच दिवशी चालतात. लस आधी झाली असेल तर चाचणीला चार आठवडे थांबा. हिपॅटायटिस बी नुनावुटमध्ये तान्हेपणीच देतात आणि ऑन्टारिओत सातवीत, शाळेत. उत्तरेतून आलेल्या सातवीतल्या मुलीचे डोस झालेले असताना पुन्हा टोचणं हा निव्वळ नोंदीचा आळस आहे. ओटावात जन्मलेलं बाळ वर्षाच्या आत उत्तरेला परतणार असेल तर उलट दिशेने पत्र लिहा, म्हणजे तिथली नर्स बीसीजीचं बघेल.

ऑन्टारिओचं साधारण गणित तुम्हाला पाठ असेलच, पण नव्यांसाठी: दोन आणि चार महिन्यांना पंचगुणी लस (घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, पोलिओ आणि हिब), न्यूमोकॉकल आणि रोटाव्हायरसचे थेंब. सहा महिन्यांना पंचगुणी, आणि वापरात असलेल्या रोटा लशीचे तीन डोस असतील तर तिसरा. वर्षाला एमएमआर, न्यूमोकॉकल, मेनिंगोकॉकल सी. पंधरा महिन्यांना कांजिण्या, अठराला पंचगुणी, चार ते सहा वर्षांत दोन बूस्टर. यातल्या रोटाला वयाची कुंपणं आहेत: पहिला डोस पंधरावा आठवडा लागायच्या आत, शेवटचा आठ महिन्यांच्या आत. वेळ गेली असेल तर 'आता त्याची गरज उरली नाही, वयाचा नियम आहे' असं सांगा. 'राहून गेला' हा शब्द टाळा. शिवाय इनुइट बाळांना आरएसव्ही या श्वसनाच्या विषाणूमुळे दवाखान्यात भरती व्हायची वेळ जगात सर्वाधिक येणाऱ्यांमध्ये गणली जाते. ऑन्टारिओने २०२४ च्या हिवाळ्यापासून सगळ्या बाळांना पहिल्या हंगामात निर्सेविमॅब देऊ केलं आहे. ती लस नव्हे, तयार अँटिबॉडी आहे, हे सांगताना वेगळं करा. पण ऑक्टोबरात आलेल्या प्रत्येक तान्ह्या बाळाच्या बाबतीत त्याची चौकशी करायची हे भिंतीवर लिहून ठेवा.

कार्डाचं थोडक्यात: नुनावुटचं कार्ड आहे किंवा कोणतंच नाही म्हणून मुलाला परत पाठवू नका. ओहिप (ऑन्टारिओच्या आरोग्य विम्याचं) कार्ड नसलेल्या मुलांना सार्वजनिक आरोग्य विभागातून लशी मिळायची सोय आहे. तुमच्या सेंटरचा याबाबतचा नियम लेखी करून काउंटरच्या माणसाजवळ चिकटवून ठेवा, कारण नकार बहुतेकदा तिथेच, तुमच्या नकळत दिला जातो.

मूल घेऊन कोण आलं आहे यावर बरेच जण गडबडतात. आजी, मावशी, थोरली बहीण, कोणीही येईल. इनुइटांत नात्यातल्या किंवा ओळखीच्या घरी मूल दत्तक देण्याची जुनी रीत आहे आणि नुनावुटच्या कायद्याने ती मानलेली आहे. मूल आणि दोन्ही घरं एकमेकांना ओळखून असतात, त्यात लपवाछपवी नसते. म्हणून 'तुम्ही खरी आई का?' हा प्रश्न कधीही नको. विचारायचं असं: 'या मुलाच्या औषधपाण्याचं कोण ठरवतं?' ऑन्टारिओच्या १९९६ च्या संमती कायद्यात वयाची खालची मर्यादा नाही. ज्याला समजतं तो स्वतः संमती देऊ शकतो, म्हणून तेरा वर्षांच्या मुलीशी आधी तिच्याशीच बोला. लहान मुलासाठी पालकांचा क्रम आधी लागतो. ते उपलब्ध नसतील तर नातेवाइकांचा नंबर यादीत शेवटी आहे. व्यवहारात आईला फोन लावा, तोंडी संमती घ्या, वेळ आणि नाव लिहा. ती इकालुइटला असली तरी फोन लागतो.

नावांवरून आणखी एक. वारलेल्या माणसाचं नाव बाळाला देतात आणि त्याबरोबर नातंही येतं. आजी चार वर्षांच्या नातवाला 'माझे वडील' म्हणत असेल तर ती थट्टा नाही. अशा मुलावर खेकसणं, 'शहाण्यासारखा बस' म्हणून दटावणं घरच्यांना वडीलधाऱ्याचा अपमान वाटू शकतो. नावं स्त्री-पुरुष अशी वेगळी नसतात, तेव्हा नावावरून मुलगा की मुलगी हे ठरवू नका. आणि हो-नाही पाहायला शिका: भुवया वर गेल्या म्हणजे हो, नाक आक्रसलं म्हणजे नाही. तुम्ही शब्दांची वाट बघत बसता आणि समोरचीने उत्तर कधीच दिलेलं असतं. गप्प राहणं मात्र यांतलं काहीच नव्हे, ते विचार करणं आहे. प्रश्न विचारून दहा सेकंद थांबा. आपल्या मराठी तोंडाला ते जड जातं, पण थांबा. भुवयांचा होकार पुरेसा स्पष्ट वाटला नाही तर 'म्हणजे आज देऊ?' असं एकदा विचारून मगच नोंदवा.

क्लिनिक कोणाचं, हा प्रश्न मी सगळ्यात वर ठेवते, जरी लिहिताना खाली आला. तुमच्या इमारतीत 'इनुइट दिवस' ठेवण्यापेक्षा त्यांच्या जागेत त्यांचं क्लिनिक आणि तुम्ही पाहुण्या, ही मांडणी चालते. ओटावात टुंगासुव्विंगाट इनुइट ही संस्था १९८७ पासून आहे. मुलांचं आणि कुटुंबांचं काम इनूकाटिगीट केंद्र करतं, पूर्वी त्याचं नाव ओटावा इनुइट चिल्ड्रन्स सेंटर होतं. आणि अकाउसिविक हा इनुइटांसाठीचा फॅमिली हेल्थ टीम दवाखाना आहे. त्यांना भेटायला जाताना तयार कार्यक्रम घेऊन जाऊ नका. विचारा: तुमच्याकडे कोणत्या दिवशी आया येतात, आधी काय फसलं, आमच्याकडून काय हवं? उत्तर 'फक्त फ्रिज आणि दोन नर्स' असं येऊ शकतं, आणि ते उत्तम उत्तर आहे. मग लिहून ठरवा: लशी कोण मागवणार, दुभाषी आणि ज्येष्ठांचं मानधन कोण देणार, माहिती कोणाकडे राहणार, आणि बंद करायचं असेल तर कोणी सांगायचं. याला दोन महिने जातात. सेंटरच्या वरिष्ठांना ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात आकडे मागतील.

दिवसाची आखणी माझ्या अंदाजाने अशी धरा. तीन तास, दोन नर्स, नोंदीला एक माणूस, आणि दारात स्वागताला एक इनुक कर्मचारी, तीही पगारी. एका बाळाला वीस मिनिटं, तीन मुलांच्या घराला पाऊण तास. हिशेबाने जास्त बसतात, पण दहा-बाराच मुलं धरा, त्यातल्या निम्म्या जागा वेळ न ठरवता आलेल्यांसाठी मोकळ्या. उशिरा आलेल्यांना परत पाठवायचं नाही. संध्याकाळ किंवा शनिवार, आणि शक्यतो आधीपासून भरणाऱ्या बालगटाला जोडून. जेवण ठेवा, मासा किंवा कॅरिबू मिळाला तर फारच छान. पण जेवणाची खोली वेगळी हवी आणि जेवायला सुईच्या टेबलावरून जावं लागू नये. लस घेणाऱ्यालाच ताट, असं तर कधीच नको. ज्येष्ठ बाई कुल्लिक, म्हणजे चरबीच्या तेलाचा दगडी दिवा, लावणार असतील तर इमारतीच्या माणसाशी फायर अलार्मचं आधी बोला. दिवा लागला आणि भोंगा वाजून सगळे बर्फात उभे राहिले, असं होऊ देऊ नका.

भाषेचं. बऱ्याच तरुण आया इंग्रजी सहज बोलतात, त्यांच्यावर दुभाषी लादू नका. आज्यांसाठी मात्र दुभाषी हवा, बोली विचारून, आधी ठरवून. घरच्या मुलाला दुभाषी करू नका. पत्रकं इनुक्टिटुटच्या चित्रलिपीसारख्या दिसणाऱ्या अक्षरांत काढलीत तर ती लॅब्राडोरच्या माणसाला वाचता येणार नाहीत, तिकडे रोमन लिपी आहे. तेव्हा दोन्हींत काढा. छापखान्यात फाँट नसेल तर त्या अक्षरांच्या जागी नुसते चौकोन छापले जातात, म्हणून प्रूफ एखाद्या वाचणाऱ्याला दाखवल्याशिवाय शंभर प्रती काढू नका. निरोप संस्थेच्या फेसबुक पानावरून जास्त पोचतो, पण कोणाच्या मुलाचा कोणता डोस बाकी आहे हे तिथे लिहायचं नाही. 'फोन कर' एवढंच.

आता शीतसाखळी. महाराष्ट्रात आपली सगळी धडपड लस तापू नये म्हणून असते. ओटावात जानेवारीत बाहेर पारा उणे वीसपर्यंत जातो, इथे लस गोठते. पंचगुणी, न्यूमोकॉकल, हिपॅटायटिस बी, एचपीव्ही या लशी एकदा गोठल्या की गेल्या, आणि बाटलीकडे पाहून ते कळेलच असं नाही. दोन ते आठ अंश हीच मर्यादा. फ्रीझरमधल्या बर्फाच्या पिशव्या लशीला थेट चिकटवू नका, फ्रिजमध्ये गार केलेल्या जेल पिशव्या वापरा आणि मधे कागद किंवा कापड घाला. डबा भरायच्या आधीच दोन ते आठवर आणून ठेवा, किमान-कमाल थर्मामीटर आत. गाडी आधी गरम करा, डबा डिकीत ठेवू नका. निघताना, पोचल्यावर आणि मधेमधे तापमान लिहा. पारा शून्याखाली गेल्याचं दिसलं तर आपल्याकडे शिकवतात ती बाटली हलवून बघायची चाचणी इथे निर्णयाला धरत नाहीत. 'वापरू नका' लिहून लशी फ्रिजमध्ये वेगळ्या ठेवा आणि आरोग्य विभागाला फोन करा.

टोचताना. बाळ अमाउटीत, म्हणजे पाठीवर पिशवी असलेल्या आईच्या कोटात, झोपलेलं असेल तर त्याला घाईने काढू नका. आधी बोलणं पूर्ण करा, लशी भरून ठेवा, मग काढायला सांगा. खोली गरम हवी. बाळ आईच्या मांडीवर उभं धरलेलं, अंगावर पाजत असेल तर उत्तम, दुखणं कमी होतं. टेबलावर आडवं करून तिघांनी दाबून धरणं बंद. रोटाचे गोड थेंब आधी, सुया नंतर, न्यूमोकॉकल सगळ्यात शेवटी कारण ती जास्त झोंबते. वर्षाच्या आतलं असेल तर मांडी, त्यावरच्याला दंड. सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढायची गरज नाही. नंतर पंधरा मिनिटं थांबायचं, हे आल्या आल्याच सांगा. अचानक 'थांबा, जाऊ नका' म्हटलं की कोणालाही धडकी भरते. अ‍ॅड्रिनलिन तीव्र अ‍ॅलर्जीसाठी हाताशी, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मांडीत.

आणि जे खरंच नको म्हणतात? असतात, सगळ्या समाजांत असतात. त्यांना आकडेवारी ऐकवू नका. कोणती लस, कशामुळे नको, ते विचारा. बहुतेकदा एकच लस किंवा एकदम तीन सुया नको असतात, बाकी चालतं. मग आज एक द्या, उरलेल्या कधी ते तीच ठरवेल. सूट हवी असेल तर तिचा रस्ता लपवू नका. नंतर भेट झाल्यावर पुन्हा विचारायची परवानगी तेवढी घ्या. नकाराची नोंद फाइलमध्ये 'आज नको' अशी करा. 'लसविरोधी' असा शिक्का एकदा बसला की दहा वर्षं निघत नाही.

ओळखीच्या नोंदीबद्दल एक. 'आदिवासी' असा एकच रकाना ठेवू नका, इनुइट वेगळा हवा. सांगणं ऐच्छिक असावं आणि कशाला विचारतोय हे एका वाक्यात सांगितलेलं असावं. फर्स्ट नेशन्सचे माहितीच्या मालकीचे नियम इनुइटांना आपोआप लागू होत नाहीत. त्यांच्या राष्ट्रीय संस्थेने, इनुइट टापिरीट कानाटामीने, २०१८ मध्ये संशोधनाबद्दलचं स्वतःचं धोरण काढलंय. तुमच्या सेंटरला या क्लिनिकवर अहवाल किंवा पोस्टर करायचं असेल तर आधी यजमान संस्थेला विचारा, आणि आकडे पहिल्यांदा त्यांनाच दाखवा.

हे सगळं ओटावासाठी आहे. विनिपेगमध्ये कुटुंबं बहुधा नुनावुटच्याच किवालिक भागातून येतात, मॉन्ट्रिअलला नुनाविकमधून. तिथे कोणत्या गावाला विनंती पाठवायची ते बदलतं आणि क्वेबेकचं वेळापत्रकही वेगळं आहे.

तुमच्या हातात पुढचा महिना असेल तर क्लिनिकची तारीख रद्द करा. त्याऐवजी त्या पाच मुलांच्या घरी फोन करून त्यांच्या नोंदी पूर्ण करून द्या. आजीला आलेलं शाळेचं पत्र मिटलं, की ती दुसऱ्या आजीला सांगते.